थांबा

एका गावात एक सुईण होती. वय झालं होतं. बाळंतपणं आता सरकारी दवाखान्यात होत, त्यामुळे तिचं मूळ काम केव्हाच संपलं होतं. पण बाळ-बाळंतीण घरी आली की न्हाऊ घालायला मात्र तिलाच बोलावणं येई. पाटावर बसून ती पाय लांब करी, पायांवर बाळाला पालथं घेई आणि तेल जिरेपर्यंत चोळत राही. दुसऱ्या बायका सकाळच्या वेळात चार घरं उरकत. हिला एका घराला सकाळ पुरत नसे. लोक म्हणत, म्हातारी फार चिकट आहे.

त्याच गावात एक घर होतं. दोन गाई, थोडी जिराईत जमीन. घरातल्या सुनेनं आतेभावाशी लग्न केलं होतं, म्हणजे सासू तिची सख्खी आत्याच. पहिली मुलगी झाली, ती आता पाच वर्षांची होती. मग एक मुलगा झाला, तो दोन महिन्यांचा होऊन तापात गेला. त्यानंतर हा दुसरा मुलगा झाला, तेव्हा आत्यानं देवीला साडी-चोळी केली आणि बाराव्या दिवशी दणक्यात बारसं घातलं.

बारशाला अख्खं गाव आलं. मामा आले, काका आले, मुंबईहून चुलत दीर आले. बाळाच्या हातात पैसे ठेवले, कानात नाव सांगितलं, जेवणं झाली. जाताना प्रत्येक जण म्हणाला, "काही लागलं तर हाक मारा." गाड्या धूळ उडवत निघून गेल्या.

सुईण मागं राहिली. बाळाचं अंगडं सोडताना ती म्हणाली, "बाय, नाळ अजून पडली नाही गं."

"पडंल की," आत्या आतून म्हणाली. "कुणाची लवकर पडती, कुणाची उशिरा."

ते खरंच होतं. बहुतेक बाळांची आठवड्या-दीड आठवड्यात पडते, एखाद्याची पंधरवडा घेते. सुईण काही बोलली नाही. रोज येत राहिली, रोज बघत राहिली. पंधरावा दिवस गेला. विसावा गेला. नाळ काळी पडून वाळली होती, पण बुडाशी तशीच धरून होती.

एकविसाव्या दिवशी आशाताई आल्या. नवजात बाळांच्या घरी ठरलेल्या दिवशी फेरी असते, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. बाई कामाची होती, पण गाव मोठं आणि पाय दोनच. उंबऱ्यातूनच तिनं विचारलं, "दूध पितो? ताप नाही ना? बेंबीतून पू येतो का?"

"पू नाही," आई म्हणाली.

तिनं खूण केली आणि ती पुढच्या घरी गेली.

अठ्ठाविसाव्या दिवशी ती आली तेव्हा अंघोळ चालू होती. सुईणीनं ओल्या हातानंच तिचं मनगट धरलं. "बस. न्हाणं होईस्तोवर बस."

"आजी, अजून पाच घरं आहेत."

"असूं दे. बस."

आशाताई बसली. सुईणीनं बाळाला उताणं केलं. नाळ तशीच होती. बेंबीभोवती रुपयाएवढी लाली चढली होती आणि कातडी तापली होती. सुईण हळूच म्हणाली, "ह्याच्या आधीचा गेला ना, त्याचीबी महिनाभर पडली नव्हती. अशीच लाली होती. आन् पू न्हवता."

घरात कुणालाच ते आठवत नव्हतं. आईलाही नाही. तिला त्या बाळाचा ताप आठवत होता, रात्र आठवत होती; नाळ आठवत नव्हती. आत्या दारात उभी राहून म्हणाली, "तवा दृष्ट लागली होती." पण आशाताईनं फोन काढला होता.

त्या संध्याकाळी बाळ जिल्ह्याच्या इस्पितळात होतं. प्रतिजैविकं सुरू झाली. रक्त तपासलं तेव्हा पांढऱ्या पेशी ६०,००० च्या वर निघाल्या. त्या वयात त्या साधारण २०,००० च्या आत असतात. बाप म्हणाला, "मग चांगलंच की. रोगाशी लढणाऱ्या पेशी त्याच ना? आपल्याकडं तिप्पट आहेत."

मुलांचे डॉक्टर काही बोलले नाहीत. त्यांनी लालीवर बोट फिरवलं आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला, "पू कधीच झाला नाही?" या वेळी उत्तर सुईणीनं दिलं. "कधीच न्हाई. त्याचाबी न्हाई, ह्याचाबी न्हाई." डॉक्टरांनी ते कागदावर लिहिलं, खाली रेघ मारली आणि मुंबईची चिठ्ठी दिली.

परळला केईएम इस्पितळाच्या आवारात रक्ताच्या दुर्मीळ आजारांवर काम करणारी आयसीएमआरची एक संस्था आहे. बाळाचं थोडंसं रक्त तिथं गेलं. त्यात चमकणारी प्रतिद्रव्यं मिसळली. ही प्रतिद्रव्यं पेशीवरच्या एका ठरावीक प्रथिनालाच जाऊन बसतात. मग एकेक पेशी लेझरच्या झोतासमोरून सोडली. प्रथिन असेल तर पेशी चमकते, नसेल तर अंधारीच पुढं जाते. या बाळाच्या जवळजवळ सगळ्या पेशी अंधाऱ्याच गेल्या.

दुसऱ्या दिवशी एक डॉक्टरबाई आल्या. त्यांनी खुर्ची मागितली नाही. बाकड्यावर आई आणि सुईण यांच्या मध्ये जागा करून त्या बसल्या.

"पांढऱ्या पेशी हाडांतल्या मगजात तयार होतात आणि रक्तात येतात," त्या म्हणाल्या. "पण जंतू रक्तात नसतात. ते जखमेत असतात, नळीच्या बाहेर. पेशीला तिथं पोचायचं तर आधी रक्तात थांबावं लागतं, आणि रक्त तर धावत असतं."

मग त्यांनी सावकाश सगळं सांगितलं. जिथं जखम असते तिथल्या रक्तवाहिनीची भिंत बदलते. तिच्यावर पेशीला अडवणारी प्रथिनं वर येतात. पांढरी पेशी त्यांना घासत, भिंतीवरून लोळत जाते आणि तिचा वेग कमी होतो. तेवढ्यात भिंतीवरच्या रासायनिक खुणा तिला कळवतात की जागा हीच. तो निरोप पेशीच्या आत जातो आणि आतून हुकूम सुटतो. पेशीच्या अंगावर एरवी दुमडून बसलेली काही प्रथिनं त्या हुकमासरशी ताठ उभी राहतात. त्यांना इंटेग्रिन म्हणतात. ती भिंतीवरच्या आयकॅम नावाच्या प्रथिनाला घट्ट धरतात. पेशी थांबते, चपटी होऊन पसरते, भिंतीच्या दोन पेशींमधली फट शोधते आणि बाहेर पडून जंतूंकडे जाते. जंतू मारता मारता ती स्वतःही मरते. पू म्हणजे बहुतेक त्याच मेलेल्या पेशी.

"म्हणून तुमच्या बाळाला पू नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तिथं कुणी पोचलंच नाही."

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हंजे गाडी फाट्यावर हळू होती, पण थांबत न्हाई."

"अगदी तसंच. हळू होण्याचं काम दुसऱ्या प्रथिनांचं, ती याच्यात ठीक आहेत. धरण्याचं काम ज्याचं, तेच नाही. त्याला सीडी१८ म्हणतात. हे एकटं काम करत नाही, त्याचे चार जोडीदार आहेत. पण हे नसलं की जोडीदारही पेशीच्या अंगावर येऊ शकत नाहीत. चारही आतच राहतात."

सुईणीनं विचारलं, "आन् नाळ?"

"नाळ वाळते, पण तिचं बूड आपोआप सुटत नाही. ते सोडवायलाही याच पेशी लागतात. जन्मल्यावरचं त्यांचं पहिलं मोठं काम म्हणा."

डॉक्टरबाईंनी आणखीही थोडं सांगितलं. या मुलांचं वर्णन १९७९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं, तेव्हाही उशिरा पडणारी नाळ हीच ठळक खूण होती. नेमकं कोणतं प्रथिन कमी आहे ते पुढच्या काही वर्षांत उलगडलं. पेशी एकमेकींना आणि आसपासच्या जाळ्याला कशा धरतात हे शोधणाऱ्या टिमथी स्प्रिंगर, रिचर्ड हाइन्स आणि एर्की रुओस्लाहती यांना २०२२ चं लास्कर पारितोषिक मिळालं. ही नावं त्या बाकड्यावर कुणाच्या लक्षात राहिली नाहीत, आणि राहायला हवीत असंही नाही. एक गोष्ट मात्र सुईणीनं नीट ऐकली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "हे प्रथिन नुसतं धरत नाही. धरलं की तेच आत कळवतं की आपण पोचलो. मग पेशी आपला आकार बदलते आणि पुढच्या कामाला लागते. ज्यानं धरायचं त्यानंच बातमीही आणायची."

आत्या तोवर कोपऱ्यात बसून होती. ती म्हणाली, "पण ह्यो दोष आला कुठनं? आमच्या घरात कुणाला न्हवता." बोलताना ती सुनेकडे बघत होती.

डॉक्टरबाईंनी नात्याची चौकशी केली. मग विचारलं, "गाई आहेत ना तुमच्याकडे? होल्स्टीन जातीच्या?" बाप म्हणाला, "एक संकरित हाय."

"त्या जातीतही हा आजार होता. अमेरिकेत १९५० च्या दशकात ऑसबॉर्नडेल आयव्हॅनहो नावाचा एक नामांकित वळू होऊन गेला. स्वतः धडधाकट, त्याच्या लेकी दुधाला चांगल्या, म्हणून त्याचा आणि त्याच्या मुलाचा वंश कृत्रिम रेतनानं जगभर गेला. दोष त्याच्यात अर्धाच होता, म्हणून दिसला नाही. पुढं त्याच वंशातले वळू त्याच वंशातल्या गाईंना लावले गेले. काही वासरांना दोन्हीकडून दोष मिळाला, आणि ती जखमा न भरता मरायला लागली. आता आपल्या देशातही रेतनासाठी वळू घेताना हा दोष तपासतात."

बाप खाली बघत होता. गुरांतलं त्याला लगेच कळलं.

"माणसांतही तसंच," डॉक्टरबाई हळू आवाजात म्हणाल्या. "याची सूचना एकविसाव्या गुणसूत्रावर असते, आईकडून एक आणि बापाकडून एक. दोन्ही बिघडलेल्या मिळाल्या तरच आजार होतो. दर बाळंतपणात चारांत एक शक्यता. एरवी लाखो बाळांत एखाद्यालाच हे होतं. तुमच्याकडे दोघांचं आजोळ-घर एकच, म्हणून गाठ पडली. बहुधा तुमच्याच आईवडलांपैकी कुणाकडून, आजी."

आत्या उठली, बाहेर गेली आणि बऱ्याच वेळानं आली. येताना तिनं सुनेसाठी चहा आणला. त्या दिवसानंतर दृष्टीचं नाव तिनं काढलं नाही.

उपाय एकच होता. बाळाचा मगज औषधांनी रिकामा करायचा आणि कुणाचा तरी जुळणारा मगज त्याला द्यायचा. न केल्यास अशी बहुतेक मुलं दोन वर्षांच्या आत जातात. भावंडांत जुळण्याची शक्यता चारांत एक असते. पाच वर्षांच्या बहिणीचं रक्त तपासलं आणि ते जुळलं. सीडी१८ च्या बाबतीत तिच्यात एक सूचना चांगली, एक बिघडलेली निघाली. तेवढ्यानं काही अडत नाही, वळूचंही अडलं नव्हतं.

महिने गेले. बाळाला संसर्ग होत राहिले, औषधं चालू राहिली, पैशांची जुळवाजुळव होत राहिली. सरकारी योजना, दोन ट्रस्ट, आणि संकरित गाय विकून आलेली रक्कम. नातेवाईक इस्पितळात येत. बारशाला आलेले सगळे आले. लिफ्टपाशी घुटमळत, काचेतून बघत, सफरचंदाची पिशवी ठेवत. "काही लागलं तर सांगा," म्हणत. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच वाईट वाटत होतं आणि त्यांची पाच पस्तीसची लोकल खरंच असायची.

सुईण धर्मशाळेत राहिली. तिला कुणी राहा म्हटलं नव्हतं. प्रत्यारोपणाच्या खोलीत फक्त आईला जाता येई, तेव्हा मोठ्या मुलीला कोण बघणार, एवढंच तिनं विचारलं आणि आपलं गाठोडं सोडलं. मुलीची वेणी घालणं, तिला जेवू घालणं, रात्री तिच्याजवळ झोपणं, ही तिची कामं. एका रात्री मुलगी झोपेत कण्हली. सुईणीनं अंगावर हात ठेवला तर अंग तापलं होतं. सकाळी तिनं तिला डॉक्टरबाईंसमोर उभं केलं. साधा घशाचा संसर्ग होता, पण बाळाचा मगज रिकामा करणारी औषधं दुसऱ्याच दिवशी सुरू व्हायची होती. तारीख पुढं ढकलली. सुदैवानं ती अजून सुरू झाली नव्हती. मगज एकदा रिकामा झाल्यावर हे कळलं असतं, तर दोघांच्याही जिवाशी आलं असतं.

मुलगी बरी झाली. मग तिला भूल देऊन कमरेच्या हाडातून मगज काढला आणि रक्त चढवतात तसा तो बाळाला चढवला. तो आपली जागा आपणच शोधतो. रक्तातून हिंडत हाडांत जाऊन बसतो.

पहिला आठवडा पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्यावर होत्या. दुसरा आठवडाही तसाच गेला. आई मास्क लावून काचेआड बसून असे. तिसऱ्या आठवड्यात आकडा वर सरकला. फार नाही, हजाराच्या आसपास. पूर्वी साठ हजार होत्या, त्यापुढे हे काहीच नव्हतं.

बाळाच्या मांडीवर सलाईनच्या जुन्या जागी एक जखम होती. महिनाभर ती तशीच होती, कोरडी, कडा काळ्या, ना वाढत ना भरत. एका सकाळी आईनं पट्टी सोडली आणि ती घाबरून ओरडली. जखमेच्या कडेला पिवळट पांढरा थेंब जमला होता.

परिचारिका धावत आली. तिनं बघितलं आणि ती डॉक्टरबाईंना बोलवायला पळाली. डॉक्टरबाईंनी भिंग लावलं, चिमट्यानं कापसावर थोडं घेतलं, आणि मग मास्कच्या वर त्यांचे डोळे हसले. काचेबाहेर सुईण उभी होती. तिच्याकडे वळून त्यांनी मोठ्यानं सांगितलं, "आजी, पू झाला!"

इस्पितळाच्या त्या मजल्यावर पू झाल्याचा इतका आनंद क्वचितच कुणी केला असेल. सुईणीनं पदरानं डोळे पुसले. बापानं खाली जाऊन पेढे आणले. लिफ्टवाल्यानं विचारलं, मुलगा की मुलगी? बाप काय सांगणार!

बहिणीच्या मगजातून आलेल्या पेशी भावाच्या रक्तात हिंडत होत्या आणि जिथं थांबायला हवं तिथं थांबत होत्या. संख्येनं थोड्या होत्या. पुढच्या तपासणीत झोतासमोर त्या चमकल्या.

शरीरात जे दिसलं तेच घरातही दिसलं होतं. बारशाला आलेली माणसं वाईट नव्हती, कमीही नव्हती. सगळी दुःखाच्या जागेवरून गेली आणि वेग कमी करून गेली. पण नाळ पडली नाही हे कळलं ते पाय लांब करून बसलेल्या बाईला, आणि रात्री मुलीचं अंग तापलंय हेही तिलाच. तिच्याकडे विद्या नव्हती. हात होता, आणि तो लवकर सुटत नसे. काय बिघडलंय हे आधी कळतं आणि मग माणूस थांबतो, असं आपण धरून चालतो. इथं ते उलट झालं.

बाळ वर्षाचं होऊन गावी आलं. बेंबीवर एक वेडावाकडा व्रण राहिला होता, बाकी काही नाही. सुईण त्यानंतर फारशी कुठं जाईना, गुडघे धरले होते.

त्या पावसाळ्यात खालच्या आळीत एक बाळंतीण घरी आली. सातव्या दिवशी आशाताई फेरीला गेली. त्या दिवशीही तिची बरीच घरं राहिली होती. तिनं चपला काढल्या, पिशवी खुंटीला लावली आणि न्हाणीच्या दाराशी पाट ओढला. न्हाऊ घालणारी बाई म्हणाली, "ताई, वेळ लागंल."

"लागू दे," ती म्हणाली. "दुपटं सोडा. नाळ पडली का?"

"काल पडली."

तिनं बेंबी बोटानं दाबून बघितली. मग कागदाच्या समासात लिहिलं, सहावा दिवस.